ज्येष्ठेचा थोरला दीर

मिस्त्रींना डावी भुवई नव्हती. ती कधी जळाली असं कुणी विचारलं की ते उलट विचारायचे, "कितवी?" तीनदा उगवली, तीनदा भट्टीनं नेली आणि चौथ्यांदा भुवईनंच नाद सोडला. नेहमी डावीच, कारण लोखंडाचा ताव बघायची निळी काच ते डाव्या डोळ्याला लावत. उजवा डोळा बायकोकडं बघायला राखून ठेवलाय, असं सांगत. बायको जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, तरी उजवा डोळा त्यांनी भट्टीला कधी दिला नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते मुख्य भट्टीवाले होते आणि मी प्रयोगशाळेत. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. 'प्रयोगशाळा' हा शब्द मी घरी वापरायचे. प्रत्यक्षात ती पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यात कार्बन मोजायचं काचेचं यंत्र, एक तराजू, एक कुरकुरणारा पंखा आणि रसायनशास्त्राची पदवी घेतलेली मी. सगळ्या कारखान्यात बायका दोनच, मी आणि झाडलोट करणाऱ्या मावशी. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी दारात उभं राहून मला एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आकडं काढा, मी लोखंड काढतो. भांडाण न्हाई."

भांडण दोन महिन्यांत झालं. मिस्त्रींकडं रंगांची स्वतःची मोजपट्टी होती. कुंकू, शेंदूर, झेंडू, हळद आणि सगळ्यात वर दूध. लोखंड शेंदरावर असताना कुणी भट्टीच्या तोंडाशी घुटमळलं तर शिव्या खायचं. झेंडू झाला की माणसं लॅडल घेऊन उभी राहायची. लॅडल म्हणजे पातळ लोखंड साच्यापर्यंत न्यायची, आतून मातीचं अस्तर दिलेली दांड्याची बादली. हळदीला मिस्त्री हात वर करत, "सोडा!" आणि दुधापर्यंत गेलं तर त्या दिवशी ते डबा उघडत नसत. पुढं कंपनीनं तापमान मोजायचं मीटर आणलं आणि ते माझ्या हातात दिलं. मी ओरडले, "तेराशे नव्वद!" मिस्त्रींनी काच लावली. "चौदाशे धा. मीटर शिळं हाय." मी पदवीधर, मी ऐकून घेणार होते होय? आठवडाभर आम्ही सगळ्या कारखान्यासमोर आकड्यांवरून भांडलो. मग दुरुस्तीवाला आला, त्यानं मीटर तपासलं आणि वीस अंश कमी दाखवतंय असं सांगून गेला. मिस्त्री त्या दिवशी माझ्या खोलीसमोरून फक्त तीनदा जास्त गेले.

आभाळाचा नाद त्यांना आहे हे मला कळलं ते एका मे महिन्याच्या शेवटी. दुसऱ्या पाळीला थांबावं लागलं होतं. नऊच्या सुमाराला जेवणाची सुट्टी झाली, मी डबा घेऊन बाहेर आले, तर मिस्त्री वाळूच्या ढिगावर बसून निळी काच डोळ्याला लावून आग्नेयेकडं बघत होते. तिकडं भट्टी नव्हती. कुंपण होतं, कुंपणापलीकडं ऊस.

"काय बघालाय मिस्त्री?"

"ताव."

"कुणाचा?"

"इंचवाचा." त्यांनी काच खाली घेतली आणि बोट केलं. "त्या तीन वळीनं हायत्या न्हवं? ते डोस्कं. अनुराधा. त्येच्या मागं लाल हाय ती ज्येष्ठा, त्येचं काळीज. मूळ म्हंजे नांगी. ती अजून उसात हाय, घटकाभरानं वर येती." आणि मग ते विंचवाचे तारे मोजू लागले, "वंदु, येरडु, मूरु..." ते कुरुंदवाडच्या पलीकडच्या एका खेड्यातले, लिंगायत. घरी अर्धं कन्नड. बोलायचे मराठीत, पण मोजायचे कायम कन्नडात. लॅडली, पगाराचे दिवस, तारे, सगळं. लहानपणी वडलांबरोबर मळ्यात राखणीला झोपायचे, तेव्हा आभाळ शिकले. पंचांग त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं.

"काचेतनं बाकीचं तारं दिसत्यात, ज्येष्ठा दिसत न्हाई," ते समाधानानं म्हणाले. "म्हंजे गार हाय. कुंकवावरच आडलीया. आठशे, लई तर नऊशे. कुणीतरी भट्टी पेटवली आन कोळसा घालायचं इसरलं."

अशी चूक भट्टीवाल्या माणसानंच करावी. मला मीटरचा सूड घ्यायचा होता. पुढच्या रविवारी वाचनालयात जाऊन मी खगोलशास्त्राचं पुस्तक काढलं आणि सोमवारी सकाळी त्यांच्यापुढं धरलं. लाल दिसत असली तरी ज्येष्ठेचं तापमान तीन हजार अंशांच्या वर आहे, म्हणजे आपल्या भट्टीच्या दुपटीहून जास्त. आणि आकारानं ती एवढी की आपला सूर्य तिच्यापुढं मोहरीचा दाणा. मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात आले. "बाई, मग ते पांढरं तारं?" मी म्हटलं, "दहा हजार. काही त्याहूनही जास्त." ते स्टुलावर बसले. "आन मी जलमभर तिला गार म्हणत आलोय," एवढंच बोलले. त्या संध्याकाळी घरी जाताना फाटकाशी थांबून त्यांनी वर बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "चुकलं बरं का." मला नव्हे, तिला.

त्यानंतर विंचू हे आमच्या दोघांतलं एक खातंच झालं. माघात पहिली पाळी असली की ते पहाटेच विंचू बघून यायचे आणि "आज नांगी झकास हाय" अशी बातमी मला द्यायचे. गणपती गेले की तो संध्याकाळी नैऋत्येला कलायचा आणि मिस्त्री उगाच उदास व्हायचे. सगळ्यात जास्त राग त्यांना जोशी लोकांचा. मूळ नक्षत्राचे तारे उघड उघड विंचवाच्या नांगीत आहेत, पण पत्रिकेत मूळ जातं धनु राशीत. हे मी त्यांना सांगितलं आणि पस्तावले. "इंचवाची नांगी कापून धनुष्याला जोडली? कुणाला इचारून?" हा प्रश्न त्यांनी त्या महिन्यात मॅनेजरसकट सगळ्यांना विचारला.

एकदा तर कहर झाला. साचे तयार होते, लोखंड झेंडूवर आलं होतं आणि नव्या माणसाला विंचू समजावून सांगता सांगता मिस्त्रींनी समोरच्याच साच्याच्या वाळूत बोटानं सोळा खळगे पाडले. बुजवायचे राहिले. पंपाचं झाकण ओतून बाहेर आलं ते पाठीवर सोळा फोड घेऊन. नेमकं त्याच दिवशी पुण्याहून गिऱ्हाइकाचा तपासनीस आला होता. त्यानं झाकणाचा नकाशा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "हे पॉइंट कशाचे?" मॅनेजर घामाघूम. मिस्त्री पुढं झाले. "इंचू हाय सायेब. ह्यो मोठा ठोकळा ज्येष्ठा." तपासनिसानं झाकण नापास केलं, पण जाताना ते कागदात गुंडाळून मागून घेतलं.

आता माझं सांगते. माझं जन्मनक्षत्र ज्येष्ठा. आमच्या घरात ते माझ्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं जायचं. ज्येष्ठेवरची मुलगी थोरल्या दिराच्या जिवावर येते, अशी समजूत. वडील राजारामपुरीत एका क्लासमध्ये गणित शिकवायचे. सकाळी बारावीच्या मुलांना संभाव्यता शिकवायची आणि संध्याकाळी माझी पत्रिका घेऊन जोशांकडं जायचं, दोन्ही एकाच सायकलवरून. आईनं त्यातून वाट काढली होती. ज्याला थोरला भाऊच नाही असं स्थळ बघायचं. त्यामुळं पाच वर्षं आमच्या सोफ्यावर फक्त थोरले आणि एकुलते एक येऊन पोहे खाऊन गेले. एकुलत्या एका मुलांविषयी माझं तेव्हा जे मत झालं ते अजून बदललेलं नाही.

आणि मला आवडला तो धाकटा. आमच्याच कारखान्यात साच्यांच्या विभागाचा सुपरवायझर. त्याचं घर शाहूपुरीत. घरी विधवा आई आणि टायरचं दुकान चालवणारा थोरला भाऊ. भाऊ अंगानं पैलवान, मनानं ससा. आमचं बोलणं घरापर्यंत गेलं आणि आठ दिवसांत थोरल्याला कावीळ झाली. काविळीचं कारण गाड्यावरची भेळ होती, असं डॉक्टर म्हणाले. बाकी सगळे ज्येष्ठा म्हणाले. वाळूच्या ढिगाशी उभं राहून त्यानं मला सांगितलं, "आई न्हाई म्हणतीया. दादाला कायतरी झालं तर मी तोंड कुठं दाखवू?" मी "बरं" म्हटलं. आणखी काय म्हणणार? खोलीत आले, कार्बन काढला आणि वहीत लिहिला.

अर्ध्या तासानं मिस्त्री एक लोखंडाचा तुकडा घेऊन आले. दर ओतणीला पाचरीसारखा एक नमुना ओतून, गार करून हातोड्यानं फोडायची आमच्याकडं पद्धत होती. आत पांढरा पट्टा रुंद निघाला की कार्बन कमी. मिस्त्रींनी तो तुकडा माझ्या वहीवर ठेवला. "पांढरं येवढं आन कार्बन तुम्ही लिवलाय भरपूर. ह्येचं जमत न्हाई. लोखाण काय खोटं बोलत न्हाई, म्हंजे तुमचंच कायतरी बिनसलंय." मला रडू आलं. कारखान्यात मी रडले ती तेवढी एकदाच. सगळं सांगून टाकलं. मिस्त्रींनी ऐकलं, तुकडा उचलला आणि म्हणाले, "कार्बन परत काढा. उरलेलं मी बघतो."

रविवारी ते धोतर, काळा कोट आणि पांढरी टोपी घालून शाहूपुरीत त्या घरी गेले. पुढचा प्रसंग मला नवऱ्याकडून कळला आणि तो अजून दर दिवाळीला सांगतो.

"पावणं, कुणाकडं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्याकडंच. थोरला मुलगा म्हणून आलोय."

सासूबाई दारातच थांबल्या. मिस्त्री आत येऊन खाली बसले. "तुमची अडचण येवढीच न्हवं, की पोरीच्या ताऱ्यापायी थोरल्या दिराला धोका हाय? मग थोरला बदला की. मला घ्या. मागं रडणारं कुणी न्हाई."

"तुमचं वय काय?"

"पंचावन्न."

"माझं अठ्ठावन्न."

"मग झालं की. आई मोठीच हाय."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी गल्लीतल्या जोशांना बोलावलं. जोशांनी तासभर पंचांग चाळलं, चहा दोनदा घेतला आणि मानलेला मुलगाही मुलगाच, फक्त विधी करून घ्या, असा निकाल दिला. शेजारच्या एका काकांनी शंका काढली, "पण हे लिंगायत, तुम्ही मराठं. तारा फसंल का?" मिस्त्री म्हणाले, "तारा जातीचा दाखला मागतोय व्हय?" त्याच संध्याकाळी त्यांना पाटावर बसवलं, ओवाळलं, टोपी-उपरणं दिलं, हातावर दूध-साखर घातली. मिस्त्रींनी आपल्याहून तीन वर्षांनी मोठ्या आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि तिला "अव्वा" म्हणाले. पिवळ्या डोळ्यांचा थोरला, जो आता मधला झाला होता, आतल्या खोलीच्या दारातून हे सगळं बघत होता. त्या रात्री तो पहिल्यांदा पोटभर जेवला म्हणे.

मला हे कळलं तेव्हा मी चिडले. खरोखर चिडले. मला उतारा नको होता. मी कुणाच्या जिवावर येत नाही, हे सगळं थोतांड आहे, असं कुणीतरी त्या घरात चारचौघांत म्हणायला हवं होतं. आणि हा माणूस जाऊन माझ्या वाटचं मरण पदरात घेऊन आला होता. मी भट्टीपाशी गेले आणि सरळ विचारलं, "म्हणजे तुम्हीपण मानता हे?"

मिस्त्रींनी काच पुसली. "बाई, मीटर शिळं हाय म्हणून आपुन किती दिस भांडलो? कुणी ऐकलं? तपासल्यावर कळलं. हे थोतांड हाय असं मी बोंबलून सांगितलं तर ती आय ऐकणार न्हाई. वीस वर्सं जित्ता राहून दावतो. मग कोण काय बोलतंय बघू."

लग्न मार्गशीर्षात झालं. महिना मिस्त्रींनीच ठरवला. त्या दिवसांत विंचू सूर्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो, कुणाला दिसत नाही. "ती तवा सूर्याच्या नादात असती, हिकडं ध्यान न्हाई," असं त्यांनी सासूबाईंना गंभीरपणे पटवलं आणि माझ्याकडं बघून उजवा डोळा बारीक केला. मांडवात थोरल्या दिराचा मान त्यांचा. नारळ हातात धरून, त्या नसलेल्या भुवईसकट, ते फोटोत सगळ्यांच्या मधोमध उभे आहेत.

आणि मग मिस्त्री बदलले. तोवर त्यांना जिवाची फिकीर नव्हती. भट्टीपाशी चपला घालून उभे राहायचे, तंबाखू गालात कायम. लग्नानंतरच्या सोमवारी ते पायात बूट, हातात मोजे, डोक्यावर टोप घालून आले. माणसं बघत राहिली. तंबाखू सुटली. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या कन्नडात मोजून घेत. लुना एवढी हळू चालवायचे की सायकलवाले पुढं जायचे. कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, "आता मला मरून चालत न्हाई. पोरीचं नाव खराब हुईल." दर वर्षी मेच्या शेवटी संध्याकाळी आमच्या घरी येत, सासूबाईंना गच्चीवर नेत, विंचू दाखवत आणि म्हणत, "अव्वा, हजेरी घ्या. एक वरीस झालं." मग, "येरडु". मग, "मूरु". सासूबाईंनी पहिल्या वर्षी नुसती मान हलवली. तिसऱ्या वर्षी त्यांनी आपणहून विचारलं, "औंदा वाळल्यासारखा दिसतोस रं. जेवतोस न्हवं?"

सहाव्या वर्षी अपघात झाला. मिस्त्रींची साठी झाली होती, पण कंपनी त्यांना सोडत नव्हती. तेव्हा मी मुलीच्या जन्मामुळं घरी होते. भट्टी फुटली नव्हती. झालं एवढंच होतं की एका लॅडलचं मातीचं अस्तर नवं केलेलं होतं आणि ते विस्तवावर शेकून नीट सुकवलेलं नव्हतं. ओल्या अस्तरात पातळ लोखंड पडलं की ते उसळतं. ते उसळलं. पुढच्या माणसाला मिस्त्रींनी ढकललं आणि त्यांचा डावा पाय आणि हात भाजला. बूट होते म्हणून पाय राहिला.

दवाखान्यात सासूबाई, मी, माझा नवरा. बाहेर बाकांवर नातेवाईक, आणि ते काय कुजबुजत होते ते मला न ऐकताही कळत होतं. सहा वर्षं काही झालं नाही, पण शेवटी झालंच. मी व्हरांड्याच्या टोकाला गेले. खिडकीतून दक्षिणेचं आभाळ दिसत होतं आणि त्यात ती होती. लाल, शांत, तीन हजार अंशांची. मला तिचं सगळं ठाऊक होतं. तरी मी, रसायनशास्त्राची पदवीधर, तिच्यापुढं हात जोडले आणि म्हणाले, ह्यांना सोड. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नाही आणि एवढी भीतीही कधी वाटली नाही.

मिस्त्री शुद्धीवर होते. तिसऱ्या दिवशी थोरले भावजी, म्हणजे टायरवाले, डबा घेऊन आले आणि कॉटशी उभे राहिले. "मिस्त्री, हे माझ्या वाटचं हुतं," ते म्हणाले.

"खुळा हायस काय रं? लॅडल वली हुती. माझीच चूक. शेकली का न्हाई बघायचं इसरलो. ताऱ्याचा काय संमंध?" आणि मग त्यांनी कारखान्याच्या माणसाला बोलावून घेतलं. अपघाताच्या नोंदवहीत कारण नीट लिहायला लावलं. भट्टीवाल्यानं लॅडल न तपासता लोखंड सोडलं. खाली उजव्या हातानं सही केली. ते वाक्य त्यांनी सासूबाईंना दोनदा वाचून दाखवायला लावलं. बाहेरच्या बाकांवरची कुजबुज त्या दिवशी थांबली. स्वतःच्या निष्काळजीपणानं भाजलेल्या माणसाला कुठला तारा लागणार?

त्या सहीची किंमत मात्र मोठी होती. बरे झाल्यावर कंपनीनं त्यांना भट्टीवरून काढलं आणि स्टोअरमध्ये नट-बोल्ट द्यायला बसवलं. पुढं नव्या विजेच्या भट्ट्या आल्या, नवी माणसं आली, आणि त्यांना शिकवताना सांगितलं जायचं, एवढा जुना मिस्त्री, पण एक दिवस लॅडल बघायला विसरला. मिस्त्री तिथंच काउंटरमागं बसलेले असायचे. मी पुन्हा कामावर गेले तेव्हा हे माझ्या कानांनी ऐकलं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. वय झालं, नजर गेली, असंच मी धरून चालले. एकदा तर मी त्यांना म्हणालेसुद्धा, "मिस्त्री, तेवढं एकदा बघितलं असतं तर?" ते नट मोजत होते. "व्हय की," म्हणाले, "बघाय पायजे हुतं."

निवृत्त झाल्यावर ते गावी गेले. दर मे महिन्यात एसटीनं येऊन हजेरी मात्र देत राहिले. वीस वर्षं म्हणाले होते, त्यातली चौदा भरली. एका सकाळी ते झोपेतून उठले नाहीत. शेजाऱ्यांचा फोन आला आणि आम्ही सगळे गाडी करून निघालो. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघे धरलेले, पण मागं राहीनात. वाटेत कुणीतरी हळूच म्हणालं, शेवटी थोरलाच गेला बघा. सासूबाई मागं वळल्या. "एकुणसत्तरीला माणूस गेला तर त्येला म्हातारपण म्हणत्यात. पुन्हा माझ्या सुनेचं नाव घ्याचं न्हाई." आणि मग त्या रडल्या, "माझा थोरला गेला."

त्यांच्यात पुरतात, बसवून. खड्ड्यात उतरून त्यांना नीट टेकवून बसवणाऱ्यांत थोरले भावजी होते. माती देऊन झाल्यावर ते गावच्या न्हाव्यापुढं बसले आणि केस उतरवून घेतले. न्हाव्यानं विचारलं, कोण लागायचे? "थोरला भाऊ," ते म्हणाले.

मी विहिरीपाशी पाय धूत होते. लॅडलवर काम करणारा एक जण शिरोलीहून आला होता, मिस्त्रींनी त्या दिवशी ज्याला ढकललं तोच. तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. "वैनी, आता सांगतो. ती लॅडल शेकायचं काम माझं हुतं. मिस्त्रींनी मला दोनदा इचारलं. मी शेकलीया म्हणून खोटं बोललो. दवाखान्यात पाया पडाय गेलतो, तर मला म्हणालं, गप ऱ्हा. दुसऱ्याच्या चुकीनं मला लागलं म्हणलं तर लोक नशीब म्हणणार, तारा म्हणणार. माझ्याच चुकीनं लागलं म्हणलं की त्येंची तोंडं बंद."

ज्या माणसाला मीटरपेक्षा वीस अंश जास्त दिसायचे, त्यानं स्वतःच्या नजरेवर डाग लावून घेतला होता आणि पुढची सगळी वर्षं तो डाग नट मोजत ऐकला होता. आणि मीही त्यांना तो एकदा ऐकवला होता.

आज माझे थोरले भावजी मधुमेह असून जिलेबी खातात आणि उत्तम आहेत. कारखाना दुसऱ्या मालकाकडं गेला. ती नोंदवही मी मागायला गेले होते, सापडली नाही. म्हणून इथं लिहून ठेवते. त्या दिवशी लॅडल ओली होती. मिस्त्रींनी ती शेकली का, असं दोनदा विचारलं होतं. लोखंड हळदीवर आलं होतं आणि त्यांचा हात बरोबर वेळेला वर गेला होता. हे वाचून ज्यांना पुन्हा ज्येष्ठेचं नाव घ्यायचं असेल त्यांनी खुशाल घ्यावं. मिस्त्रींची चूक नव्हती.